घाटवाटांची नावे आणि नकाशातील अंक : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या महाड व पोलादपूर तालुक्यांत वाटेची ओळख दीर्घकाळ नावानेच होत असे. १६५९ मध्ये अफझलखानाचे सैन्य वाईहून निघून रडतोंडीच्या घाटाने पार गावाकडे उतरले. 'रडतोंडी' या नावावरून उताराची कल्पना येते. परंतु वाट नेमकी कोठे फुटते, हे स्थानिक माणसावाचून कळत नाही. जावळीच्या खोऱ्याचे संरक्षण बऱ्याच अंशी परक्याच्या या अज्ञानावर अवलंबून होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांनी ही स्थिती पालटली. तथापि १८ अंश उत्तर अक्षवृत्त महाड व पोलादपूर यांच्या मधून जात असल्याने हा परिसर एका पत्रकात मावत नाही. रायगड किल्ला व महाड ४७ एफ/८ मध्ये, पोलादपूर ४७ जी/५ मध्ये, तर प्रतापगड ४७ जी/९ मध्ये येतो. रायगडाहून प्रतापगडाची वाट आखणाऱ्यास पत्रके एकमेकांस जोडूनच काम करावे लागते.

ग्रिड संदर्भांनी मार्ग ठरविताना खिंड, ओढ्यांचा संगम, फाटा अशी सहज ओळखू येणारी ठिकाणे निवडतात. प्रत्येकाचे पूर्वेकडील अंतर आधी व उत्तरेकडील नंतर लिहितात. सहा अंकी संदर्भ १०० मीटरपर्यंत स्थान दर्शवितो. दोन बिंदूंमधील दिशा व अंतर मोजले की एक टप्पा सिद्ध होतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराच्या नकाशांसाठी डब्ल्यूजीएस-८४ हा आधार स्वीकारला. जुनी पत्रके एव्हरेस्ट आधारावरील होती. त्यांवरून मोजलेले अक्षांश-रेखांश जीपीएस यंत्रात तसेच भरल्यास बिंदू सरकतो. सपाट प्रदेशात ही चूक खपून जाईल; घाटमाथ्यावर मात्र तेवढ्याने माणूस कड्याच्या टोकाशी येतो.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. पूर व बंद पडलेले रस्ते यांमुळे मदतपथकांस पोहोचण्यास विलंब झाला. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. सुतारवाडी या नावाच्या वस्त्या कोकणात अनेक आहेत; अशा वेळी सहा अंक आणि पत्रक क्रमांक यांनी पथकास नेमकी वाडी सापडते. दरडीनंतर पायवाट कोणत्या अंगाने शिल्लक राहिली आहे, हे विचारण्यासाठी मात्र वाडीतल्याच कोणाला तरी गाठावे लागते.