सुवर्चेला कोणी विचारले?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी कणकेचा दिवा करतात आणि त्याची वात दक्षिणेकडे करून उंबऱ्याबाहेर ठेवतात. एरवी वर्षभर दक्षिणेकडे वात करायची नाही. त्या एका दिवशी यमराजासाठी करायची. तेव्हा सणासुदीला मृत्यूचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. आपल्या आयाआज्यांनी तो दिवाळीत केव्हाच आणून ठेवला आहे.

मला हा विषय सुचला तो वर्गात. दधीची ऋषींची गोष्ट सांगत होतो. वृत्रासुराच्या वधासाठी देवांनी अस्थी मागितल्या, ऋषींनी देह ठेवला, अस्थींचे वज्र झाले. इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, त्यांच्या बायकोला कोणी विचारलं का?"

मी निरुत्तर झालो आणि प्रश्न घरी घेऊन आलो. शोधता शोधता कळले की काही पुराणांत याचे उत्तर आहे. दधीचींच्या पत्नीचे नाव सुवर्चा. तिला कोणी विचारले नव्हते. सारे उरकल्यावर तिला कळले आणि तिने देवांनाच शाप दिला! एवढे थोर दान, पण घरच्या माणसाला न सांगता झाले म्हणून त्याच्या पाठीला शाप लागला. पुढे अवयवदानाचा खराखुरा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ही सुवर्चा मला जागोजागी भेटत गेली.

या इतिहासाच्या आरंभीचे एक पान आपल्या पुण्याचे आहे. कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक कापले. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकात त्याची सचित्र हकिकत छापून आली. त्या कारागिराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. ते नाक रुजले, कारण कातडी कावसजीची स्वतःचीच होती. दुसऱ्याची असती तर गळून पडली असती.

परक्याचे रुजत नाही, ही या विद्येच्या वाटेतली मोठी धोंड. डोळ्याच्या बाबतीत ती थोडी हलकी आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसल्याने तो परक्या डोळ्यातही टिकू शकतो. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी चुन्याने डोळे गेलेल्या एका मजुराला असा पडदा बसवला. तो होता अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याचा. अपघाताने तो डोळा काढूनच टाकावा लागला होता. मजुराचा एक डोळा उजळला.

मूत्रपिंडाची गोष्ट अधिक बिकट. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रिचर्ड हेरिक याला त्याच्या जुळ्या भावाचे, रोनाल्डचे, मूत्रपिंड बसवले. दोघे एकाच बीजाचे आहेत ना, याची खात्री करण्यासाठी बोटांचे ठसेसुद्धा तपासले होते. आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली की अजून वेळ आहे, तू घरी जा. रोनाल्डने उलट कळवले की मी आलो आहे आणि इथेच राहणार आहे. रिचर्ड आणखी आठ वर्षे जगला, त्याने संसार केला. रोनाल्ड पुढे गणिताचा शिक्षक झाला आणि एका मूत्रपिंडावर २०१० पर्यंत जगला. डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग आला २ डिसेंबर १९६७ चा शनिवार. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात डार्व्हाल कुटुंब स्नेह्यांकडे चहाला निघाले होते. वाटेत केक घेण्यासाठी आई आणि मुलगी रस्ता ओलांडत असता मोटारीने दोघींना उडवले. आई जागीच गेली. पंचवीस वर्षांच्या डेनिसच्या मेंदूला जबर इजा झाली. ती वाचणार नव्हती. डॉक्टर तिच्या वडिलांकडे आले. लुई वॉशकान्स्की नावाच्या रुग्णासाठी तिचे हृदय मिळेल का, असे त्यांनी विचारले. एडवर्ड डार्व्हाल यांनी चार मिनिटे विचार केला. मुलीने पहिल्या पगारातून आपल्यासाठी आणलेला झगा त्यांना त्या वेळी आठवला. मग ते हो म्हणाले.

डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांचे नाव एका दिवसात जगभर झाले. वॉशकान्स्की अठरा दिवस जगले. डेनिसचे एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मुलाला दिले गेले. ती गोरी, तो मुलगा गोरा नव्हता, आणि त्या देशात तेव्हा दोघांना एका बाकावर बसण्याचीही मुभा नव्हती! मी मात्र त्या चार मिनिटांपाशी अडखळतो. बायको नुकतीच गेलेली, मुलगी जाणार, आणि त्या अवस्थेत एवढा निर्णय! मुलीची इच्छा काय होती, हे तिने कधी सांगितले असण्याचे कारणच नव्हते.

अवघ्या अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. परक्या अवयवाला शरीराने नाकारू नये म्हणून लागणारे गुणकारी औषध, सायक्लोस्पोरिन, सर्रास मिळू लागायला १९८३ उजाडले. दुसरा प्रश्न औषधाचा नव्हता, कायद्याचा होता: हृदय धडधडत असलेला माणूस मेला असे म्हणायचे केव्हा? आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने मेंदूच्या बुंध्याचा मृत्यू हा मृत्यूच मानला. फेब्रुवारी १९९५ मध्ये तो प्रथम ज्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते.

हे सारे पचवून मी अवयवदानाच्या प्रतिज्ञेचा अर्ज, म्हणजे नमुना ७, घरी आणला. त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक तरी जवळचा नातलग हवा. हिच्यापुढे कागद ठेवला, तर ही गप्प. मग म्हणाली, "डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे व्हाल, असं सासूबाई म्हणायच्या. आणि तुमच्यात जीव असतानाच कोणी घाई केली तर?"

मी सांगितले की बेशुद्धी वेगळी आणि हा मृत्यू वेगळा. चार डॉक्टर तपासणी करतात, किमान सहा तासांनी पुन्हा करतात, आणि रोपण करणाऱ्यांपैकी कोणी त्यांत नसतो. देह नीट शिवून घरच्यांच्या हाती देतात. अंत्यविधी रीतीप्रमाणे होतात. हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड, आतडे असे मिळून आठ जणांपर्यंत प्राण वाचू शकतात. घरी नेहमीसारखा मृत्यू आला तरी सहा तासांच्या आत डोळे देता येतात. नाव आधार क्रमांकावर सरकारी नोंदवहीतही घालता येते, आणि मन बदलले तर काढताही येते. प्रतिज्ञा केलेली असली तरी वेळ आल्यावर डॉक्टर घरच्यांनाच विचारतात. त्या नाही म्हणाल्या तर कागद कागदच राहतो.

सासूबाईंच्या म्हणण्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. इतकेच म्हणालो की दधीचींना पुढच्या जन्मी हाडे मिळाली नाहीत, असे कोणत्या पुराणात लिहिलेले नाही. ती हसली नाही, पण चार दिवसांनी तिने सही केली आणि अट घातली: "मुलं दिवाळीला येतील तेव्हा त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

मुले उद्या येत आहेत. संध्याकाळी यमदीप लावून झाला आणि फराळाची ताटे आली की सांगेन म्हणतो. त्यांच्यावर कधी ती चार मिनिटे आलीच, तर निदान बाबांची इच्छा काय होती, हे तरी त्यांना शोधावे लागू नये.