बारा बोअरचे काडतूस : संरक्षणासाठी निवड

गुळगुळीत नळीच्या बंदुकीतून एका बारात अनेक छर्रे सोडणारे काडतूस. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा जो व्यास, तो या बंदुकीच्या नळीचा व्यास : सुमारे १८.५ मिमी. महाराष्ट्रात ही बंदूक लोकांना दिसते ती बँकेच्या दारातल्या रक्षकाच्या खांद्यावर आणि रोकड नेणाऱ्या गाडीपाशी. कोकणातली शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक निराळी. तिला काडतूस लागत नाही. कोणते काडतूस ‘जोरदार’ ही चर्चा परवानाधारकांत नेहमी चालते. न लागलेला छर्रा कुठे जाईल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो आणि वस्तीत तोच पहिला असायला हवा.

काडतुसाच्या पितळी बुडात टोपी, तिच्यावर दारू, मग डाट आणि डाटावर छर्रे अशी भरणी असते. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेली ‘शक्तिमान’ काडतुसे भारतात बहुतेकांच्या परिचयाची आहेत. छर्ऱ्यांचे नंबर आपल्याकडे ब्रिटिश पद्धतीचे : एलजी (सुमारे ९.१ मिमी), एसजी (८.४), एएए (५.२), बीबी (४.१), पुढे चार, सहा, आठ असे बारीक होत जाणारे. ३२ ग्रॅमच्या भरणीत एसजीचे साधारण नऊ छर्रे मावतात, एएएचे चाळीसच्या आसपास, तर सहा नंबरचे सुमारे तीनशे. छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी असलेले काडतूसही मिळते.

छर्रा किती लांब जाईल याचा ठोकताळा फ्रेंच अधिकारी झुर्ने याच्या नावाने ओळखला जातो. व्यासाच्या दर मिलिमीटरला सुमारे ८० मीटर, असा तो मेट्रिक मापात मांडता येतो. नळी वर धरलेली असेल तर सहा नंबरचा छर्रा दोनशे मीटरच्या आसपास पडतो, एएए चारशेच्या पुढे आणि एसजी साडेसहाशे मीटरच्या पलीकडे. एकच गोळी याहूनही लांब जाते. वसई तालुक्यात नायगाव–उमेळे पट्ट्यात मिठागरे, वाड्या, जुनी घरे आणि नव्या इमारती एकमेकांना लागून आहेत. तिथे एसजीच्या साडेसहाशे मीटरांच्या आत काय काय येते, हे स्थानिक माणसाला सांगावे लागत नाही.

म्हणून बारीक छर्रा सुरक्षित, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. बारीक छर्रा लवकर दमतो, भिंतीत अडकतो. पण हल्लेखोराच्या अंगातही तो उथळ राहतो. मग एका बाराने हल्ला थांबत नाही, दुसरा-तिसरा काढावा लागतो आणि हवेतले छर्रे शेकड्यांनी वाढतात. काश्मीरमध्ये जमाव पांगवण्यासाठी हेच बारीक छर्रे वापरले गेले. त्यांचा फैलाव एवढा की नेम एकावर आणि इजा भोवतालच्यांना, असे घडले. २०१६ च्या उन्हाळ्यात श्रीनगरच्या श्री महाराजा हरिसिंह रुग्णालयात डोळ्यांत छर्रे गेलेल्यांची रीघ लागली होती. मुंबईचे नेत्रशल्यविशारद डॉ. एस. नटराजन आपल्या सहकाऱ्यांसह तिथे जाऊन शस्त्रक्रिया करत होते. त्वचेत अडकणारा छर्राही डोळा कायमचा घालवतो, हे त्या वर्षी देशाने पाहिले.

फैलावाचे साधे गणित असे : मोकळ्या नळीत दर मीटरला अडीच-तीन सेंटीमीटर. चार-पाच मीटरच्या खोलीत छर्ऱ्यांचा झुबका हाताच्या पंजाएवढाच असतो, त्यामुळे ‘छर्ऱ्याच्या बंदुकीला नेम लागत नाही’ ही समजूत धोकादायक आहे. पंचवीस मीटरवर मात्र तोच झुबका माणसाच्या धडाहून रुंद होतो आणि कडेचे छर्रे बाजूने निघून जातात. शिवाय प्रत्येक नळीची तऱ्हा वेगळी. जुन्या दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळ चोकाची, म्हणजे तोंडाशी आवळलेली असते. पुढचा घोडा उजवीचा. एकच काडतूस या दोन नळ्यांतून झाडून पाहावे. अधिकृत चांदमारीत मीटरभर चौरस कागद दहा मीटरवर लावायचा, एक बार काढायचा, जवळ जाऊन भोके मोजायची. एसजीचे नऊ छर्रे निघाले आणि कागदावर धडाच्या आकारात आठच भोके असतील, तर नववा कुठे गेला याचे उत्तर रक्षकाला द्यावे लागेल. अमेरिकेत काही पोलीस दलांनी याच कारणाने नऊऐवजी आठ छर्ऱ्यांची काडतुसे स्वीकारली. छर्ऱ्यांना थोडे अंतर धरून ठेवणारे खास डाटही तिथे निघाले आहेत.

निवडीची कसोटी यातूनच ठरते : त्या जागेतल्या सर्वांत लांबच्या अंतरावर ज्या काडतुसाचे सगळे छर्रे लक्ष्यावर राहतात, ते घ्यावे. तसे एकही मिळाले नाही तर अंतर कमी करावे. अंदाजावर भागवू नये. गर्दीच्या जागी एकच गोळी नकोच. पक्की विटांची भिंत छर्रे बहुधा अडवते. काच, प्लाय आणि कौले यांवर भिस्त ठेवता येत नाही. लादीवर किंवा भिंतीवर तिरका लागलेला छर्रा उसळून पुढे सरकतो, म्हणून अरुंद बोळात बार अधिक घातक. आणखी एक खबरदारी : नळीत काडतूस जिथे बसते ते घर जुन्या बंदुकीत ६५ मिमीचे असेल तर त्यात ७० मिमीचे काडतूसही बसते, पण झाडताना त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो.

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली आहे. प्राणभय वाटावे असा हल्ला होत असेल आणि निरपराधाला धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क पोहोचतो, असे भारतीय न्याय संहितेचे कलम ४४ सांगते. जुन्या दंडसंहितेत ते १०६ होते. केवळ मालमत्तेच्या रक्षणाला ही सूट नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने बेदरकार किंवा आनंदाच्या गोळीबाराने इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. वसई-विरारमध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. शस्त्रपरवान्याचे काम तिथे चालते.