टेबलावरचं जग आणि डोळ्यांवरचा चष्मा

अजिंठा पाहायला जळगावहून जाणारे पुष्कळ; पण मेजर रॉबर्ट गिल यांची कबर भुसावळला आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. १८४४ पासून या माणसानं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात आयुष्य वेचलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. मात्र गिल यांनी कॅमेराही हाताळला होता. एकच दृश्य किंचित वेगळ्या दोन कोनांतून टिपायचं, दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवायची. मेंदू त्यांचं एक करतो आणि सपाट कागदाला खोली येते. अशा १०० छायाचित्रांचा त्यांचा संग्रह १८६४ मध्ये निघाला. आज ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’चा, म्हणजे आभासी वास्तवाचा, जो चष्मा डोळ्यांवर चढवतात, त्याच्या मुळाशी हीच युक्ती आहे. आता मान वळवली की दृश्यही वळतं, एवढी भर पडली.

या चष्म्याचा दुखऱ्या जिवाला काय उपयोग? २००० मध्ये सिॲटलच्या संशोधकांनी भाजलेल्या दोन मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. एक १६ वर्षांचा, दुसरा १७. जखमा साफ करताना त्यांना आभासी जगात नेलं, तेव्हा साध्या व्हिडिओ गेमपेक्षाही वेदना कमी जाणवल्या. पण हे मन दुसरीकडे वळवणं झालं. कलोपचार त्याहून वेगळा. इंग्लंडचे चित्रकार एड्रियन हिल क्षयानं अंथरुणाला खिळले असताना चित्रं काढून सावरले, इतर रुग्णांच्याही हाती त्यांनी कुंचला दिला आणि १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ हा शब्द वापरात आणला. २०१६ मध्ये ‘टिल्ट ब्रश’ आला आणि चष्मा लावून चक्क हवेत रंगवता येऊ लागलं. जे बोलता येत नाही, ते वयात येणारं मूल आता स्वतःभोवती रेखाटू शकतं, त्यातून फिरू शकतं, नको तर पुसूही शकतं.

इथं मला आपले चाळीसगावचे केकी मूस आठवतात. १९१२ चा जन्म. विलायतेत कला शिकून परतले आणि स्टेशनजवळच्या आपल्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून राहिले. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांवर प्रकाश असा सोडायचा की छायाचित्रात मोकळा निसर्गच दिसावा! उंबरठा न ओलांडता त्यांनी जग उभं केलं. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. मागं उरलेली कला थक्क करणारी आहे.

मूस यांच्या मनाचं निदान करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्यांचं घर एक प्रश्न विचारतं : निर्माण केलेलं जग माणसाला तारतं, हे खरं, मात्र त्यातून परतायची वाट कोण दाखवणार? मूस प्रौढ होते, वाट त्यांनी स्वतः निवडली. पंधरा वर्षांच्या पोराला ती निवड करता येत नाही. म्हणून कलोपचारात चष्म्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाला आहे. चष्मा उतरल्यावर तो एवढंच विचारतो, “काय काढलंस? सांग बरं.” उपचार तिथून सुरू होतो. चष्मा महाग आहे, आपल्या तालुक्याच्या गावी तो यायचा तेव्हा येईल. तो प्रश्न विचारायला मात्र आजही पैसे पडत नाहीत.