पहाटे ४.५७

(सगळ्या वेळा भारतीय.)

३१ जानेवारी २०१७, रात्री १०.५०
गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. तिथला एक इंजिनिअर मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेऊन चाचणीच्या सर्व्हरवर टाकतो. एरवी असा स्नॅपशॉट २४ तासांतून एकदाच, आपोआप निघतो. हा जादाचा. त्याला एक प्रयोग करून बघायचा आहे.

१ फेब्रुवारी, रात्री १२.३०
डेटाबेसवरचा भार वाढू लागतो. संशय स्पॅमवर. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं गैरवापराच्या तक्रारीवरून चुकून पुसायला लावलं आहे आणि तेही काम मागे चालू आहे, हे पुढे कळतं.

पहाटे ३.३०
दुय्यम डेटाबेस इतका मागे पडतो की मुख्याची नक्कल उतरवणंच थांबतं. इंजिनिअर राहतो तिथे रात्रीचे सुमारे अकरा. उशीर झाला, आता थांबतो, असं त्याने सांगितलेलं आहे.

तो थांबत नाही.

पहाटे ४.३०च्या आगेमागे
उपाय ठरलेला: दुय्यम मशीनवरचा डेटा पुसायचा, मुख्यावरून सगळा पुन्हा उतरवायचा.

नक्कल उतरवणारी कमांड अडते. एक मर्यादा वाढवून ३२ केली जाते. मग मुख्य डेटाबेस पुन्हा सुरूच होईना. जोडण्यांची ८००० ही मर्यादा त्याला जास्त वाटते. जवळजवळ वर्षभर त्याच ८०००वर काम चाललेलं. ती २०००वर आणतात. कमांड चालू होते, पण पडद्यावर एक ओळही उमटत नाही.

बिघाड काहीच नाही. मुख्य सर्व्हर डेटा पाठवू लागेपर्यंत ती कमांड अशीच गप्प बसते. तिथल्या कुणाला हे ठाऊक नाही.

पहाटे ४.५७
आधीच्या प्रयत्नांतलं उरलंसुरलं आड येत असावं, असं इंजिनिअरला वाटतं. तो डेटाचा फोल्डर पुसायला घेतो. एक-दोन सेकंदांत ध्यानात येतं की ही विंडो मुख्य मशीनची आहे. दोन्ही मशीनच्या नावांत फरक एका आकड्याचा, १ आणि २. तो कमांड तोडतो. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलेले असतात.

त्यानंतर
बॅकअप शोधले जातात. क्लाउडमधली जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६चा, बॅकअप काढणारा प्रोग्राम ९.२चा; तो अपयशी ठरत होता. अपयश कळवणारे ईमेल निघत होते, पण त्यांवर डिजिटल सही नसल्याने समोरचा सर्व्हर ते नाकारत होता. अझूर या क्लाउड सेवेतल्या डिस्क स्नॅपशॉटची सोय डेटाबेसच्या मशीनसाठी चालूच केलेली नव्हती.

उरला १०.५०चा, प्रयोगासाठीचा.

तो चाचणीच्या सर्व्हरवर, संथ डिस्कवर. मुख्य मशीनवर आणायला सुमारे १८ तास लागतात. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं जातं. एका वेळी सुमारे ५००० लोक बघतात.

रात्री ११.३०
साइट पुन्हा उघडते. कोडच्या रिपॉझिटरी शाबूत. १०.५०नंतरचे किमान ५००० प्रकल्पांचे तपशील, ५००० प्रतिक्रिया आणि सुमारे ७०० नवी खाती गेली.

कंपनीने चौकशीचा अहवाल जाहीर केला. बॅकअप नियमित तपासले का जात नव्हते, असा एक प्रश्न त्यात आहे. उत्तर: ते काम कुणा एकाकडे सोपवलेलंच नव्हतं.