तांत्रिक कारणास्तव, हिंगोली डेक्कन

आमच्या गावाच्या स्टेशनचं सरकारी नाव ‘हिंगोली डेक्कन’ आहे. गावात कुणी तसं म्हणत नाही. ऑटोवाल्याला ‘डेक्कनला सोडा’ म्हणालात तर तो तुम्हाला पुण्याहून आलेला समजेल आणि वीस रुपये जास्त सांगेल. तिकिटाच्या अ‍ॅपवर मात्र डेक्कन टाइप करावंच लागतं. शब्द निजामाच्या काळातला. सिंधमध्ये दुसरं हैदराबाद होतं, म्हणून आपल्या बाजूच्याला ‘हैदराबाद डेक्कन’ म्हणायचे. नामपल्लीच्या स्टेशनला अजून तेच नाव आहे. त्याच संस्थानातल्या हिंगोलीलाही ती शेपटी चिकटली. १९४८ला निजामाचं राज्य गेलं. १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला, १९९९ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. ‘डेक्कन’ जागचं हललं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही. कुणीतरी कधीतरी लिहिलेली ओळ असते. ती का आहे हे कुणाला ठाऊक नसतं आणि काढली तर काय मोडेल याची सगळ्यांना भीती असते.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की सोबत एक टिपण येतं. काय नवीन, काय दुरुस्त, काय बंद. जे बंद होतं ते नेहमी सर्वांत खाली, बारीक अक्षरात असतं. रेल्वेची पत्रकं मी त्याच नजरेने वाचायला लागलो आणि मग मागे मागे जात राहिलो. घरच्या ग्रुपवर बसमतचे मामा रोज एक पत्रक टाकतात, त्यामुळे कच्च्या मालाची टंचाई नव्हती.

मागे जाताना पहिला मोठा थांबा १८८३. तेव्हा हिंगोलीत रेल्वे नव्हती, पण हिंगोली ज्या संस्थानात होती तिथे होती. वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग १८७४ला सुरू झाला होता. आता संस्थान तो एका इंग्रज कंपनीच्या हवाली करणार होतं आणि पुढे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या दिशेने मार्ग वाढवायचा होता. कंपनीच्या भांडवलावर वीस वर्षं वर्षाला ५ टक्के देण्याची हमी सरकारी तिजोरीने घ्यायची होती. हैदराबादमधल्या काही शिकलेल्या लोकांनी एक साधी मागणी केली. करार काय आहे तो आम्हाला दाखवा. या मंडळींत मुल्ला अब्दुल कय्यूम होते आणि अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. अघोरनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, हैदराबादच्या कॉलेजचे प्राचार्य. सरकारने त्यांना नोकरीतून निलंबित केलं आणि मे १८८३मध्ये संस्थानातून हद्दपार केलं.

आपल्या भागातल्या रेल्वेविषयी जनतेने सरकारला विचारलेला हा पहिला मोठा प्रश्न आणि हे त्याचं उत्तर. आजकाल माहिती अधिकारात अर्ज केला तर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं येतं. तुलनेने प्रगती आहे.

कंपनीचं नावही बघण्यासारखं आहे: ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’. लहानपणी हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, वेळेवर पोचवण्याची गॅरंटी असेल. गॅरंटी होती, पण लंडनच्या भागधारकांना. गाडी रिकामी धावली तरी त्यांचे ५ टक्के पक्के. प्रवाशाला त्यात कसलीच हमी नव्हती, आणि गंमत म्हणजे हे नावातच स्पष्ट छापलं होतं. इतकं प्रामाणिक नाव रेल्वेने पुढे कधी घेतलं नाही.

हिंगोलीला रेल्वे आली १९१२ला, पूर्णा जंक्शनहून बसमतमार्गे, सुमारे ८० किलोमीटर, मीटरगेज. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. फौजेसाठी रेल्वे आणली असेल असं कुणालाही वाटेल. पण छावणी उठली १९०३ला आणि रेल्वे आली नऊ वर्षांनी. शिपाई बैलगाड्यांच्या काळात आले आणि त्याच काळात गेले. रूळ आले ते कापसासाठी. इथला कापूस पूर्णेला, तिथून मनमाडला आणि पुढे मुंबईला जायचा. माणसं त्याच गाड्यांना जोडलेल्या डब्यांत बसायची.

त्यानंतर जवळपास अर्धं शतक हिंगोली हे शेवटचं स्टेशन होतं. पुढे रूळच नव्हते. उत्तरेकडे, खंडव्यापर्यंत, माळव्या-राजस्थानचं मीटरगेज येऊन थांबलेलं आणि दक्षिणेकडून आमचं हिंगोलीला येऊन थांबलेलं. मधल्या तुकड्याचं नाव कागदोपत्री ‘खंडवा-हिंगोली’. संस्थानाने १९३० साली कंपनीकडून रेल्वे विकत घेतली, १९५१ला ती मध्य रेल्वेत गेली, आणि १९६०च्या सुमारास तो तुकडा एकदाचा जोडला गेला. वाशीम, अकोला, अकोट, मेळघाट, खंडवा. मेळघाटात धुळघाटजवळ रूळ गोल वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जायचे. याच मार्गाने ‘मीनाक्षी एक्स्प्रेस’ धावायची, हैदराबाद ते जयपूर. माझे आजोबा हयातीत जयपूरला गेले नाहीत, पण ‘आपल्या स्टेशनातून जयपूरला जाता येतं’ हे वाक्य त्यांनी किमान हजार वेळा ऐकवलं असेल. गाव शेवटच्या स्टेशनवरून मधलं स्टेशन झालं, एवढ्यावर त्यांची पिढी खूश होती.

मग आलं गेज रूपांतर. देशभर एकच रुंद गेज करायचं, म्हणजे १००० मिलिमीटरचे रूळ काढून १६७६ मिलिमीटरचे टाकायचे, हे धोरण १९९२ला ठरलं. मनमाड-पूर्णा मार्ग आधी झाला. आमचा पूर्णा-अकोला तुकडा २००८ला. मी तेव्हा पाचवीत होतो. छोटी गाडी गेली आणि मोठी आली, शाळेतून आम्हाला बघायला नेलं होतं. धोरण योग्यच होतं, याबद्दल माझं दुमत नाही. दोन गेजच्या सीमेवर माल उतरवून पुन्हा चढवायचा हा शुद्ध वेडेपणा होता.

पण अकोल्याच्या पुढे काय? अकोला-खंडवा बंद झाला जानेवारी २०१७मध्ये. त्यातला अकोला-अकोट हा सुमारे ४४ किलोमीटरचा तुकडा रुंद होऊन सुरू झाला नोव्हेंबर २०२२मध्ये. पुढचा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात अडकला. जुन्याच वाटेने न्यायचं की जंगलाला वळसा घालायचा, यावर केंद्र आणि राज्य यांच्यात पत्रापत्री झाली, प्रकरण न्यायालयात गेलं. वळसा घालावा असं माझंही मत आहे, वाघांना पत्रकं वाचता येत नाहीत. फक्त एक नोंद करून ठेवतो. जी ‘मीनाक्षी’ हिंगोलीतून जयपूरला जायची, ती मीटरगेज तुटत गेलं तशी आखूड होत गेली आणि शेवटी नाहीशी झाली. आजोबांचं ते वाक्य कोणत्याही पत्रकाने अधिकृतपणे मागे घेतलं नाही.

इथे मराठीच्या व्याकरणाकडे यावं लागेल. शाळेत प्रयोग शिकवले होते, कर्तरी, कर्मणी, भावे. तेव्हा याचा आयुष्यात काय उपयोग असं वाटायचं. रेल्वेची पत्रकं वाचताना उपयोग कळला. गाडी सुरू होते तेव्हा वाक्यात माणसं मावत नाहीत. अमुक मंत्री महोदयांच्या शुभहस्ते, तमुक खासदारांच्या प्रयत्नांतून, ढमुक आमदारांच्या उपस्थितीत. गाडी रद्द होते तेव्हा मात्र ‘रद्द करण्यात आली आहे’. कुणी केली? कर्ता गायब. कारण ‘तांत्रिक’. आणि उशीर होतो तेव्हा तर कमालच: ‘विलंब अपेक्षित आहे’. इथे कर्ता आहे, पण तो स्वतः विलंब आहे. त्यातून ही पत्रकं मूळ हिंदीतून घाईने उतरवलेली, म्हणून ‘गाडी संख्या’ आणि ‘पुनर्निर्धारित’. मामांना ‘अंशतः रद्द’चा अर्थ समजवायला मला एकदा कागदावर आकृती काढावी लागली होती. गाडी आहे, पण तुमच्या गावापर्यंत नाही.

दुसरी शब्दावली आहे नव्या मार्गांची. आधी मागणी. मग ‘सकारात्मक’. मग सर्वेक्षण, मग अंतिम सर्वेक्षण, मग अहवाल, मग परतावा पुरेसा नाही असा शेरा, मग ‘सामाजिकदृष्ट्या आवश्यक’ असा प्रतिशेरा, मग मंजुरी. मंजुरीनंतर पैसे. रेल्वेच्या खर्चाची जी पुस्तिका असते, गुलाबी रंगाची, तिच्यात कित्येक प्रकल्पांसमोर वर्षाची तरतूद एक हजार रुपये लिहिलेली सापडते. हजार कोटी नव्हे, एक हजार. प्रकल्प जिवंत आहे हे दाखवण्यापुरते, कोमात असलेल्याच्या नाकाशी धरलेल्या सुतासारखे. त्या पैशात एका सर्वेक्षकाचा पुण्याहून येण्या-जाण्याचा खर्च निघणार नाही. पण पत्रकात ‘अर्थसंकल्पात तरतूद’ असं लिहिता येतं, आणि ते खोटं नसतं.

आसपासचेच दाखले घ्या. अहमदनगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५च्या सुमाराची. बीड शहरात पहिली प्रवासी गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तोवर नगरचंही नाव बदलून अहिल्यानगर झालं होतं. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग २००८-०९च्या रेल्वे अर्थसंकल्पातला. त्यातला पहिला तुकडा, वर्धा ते कळंब, फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाला. मंजुरीच्या बातमीवर पेढे वाटलेल्यांची मुलं आता इंजिनिअर होऊन बंगळुरात गेली असतील. विमानाने.

सरकार कधीच खरं बोलत नाही असं नाही. जुलै २०१४मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सदानंद गौडा संसदेत अर्थसंकल्प मांडताना म्हणाले की, गेल्या ३० वर्षांत ६७६ प्रकल्प मंजूर झाले, त्यांतले ३१७च पूर्ण झाले. आणि त्याआधीच्या दहा वर्षांत नव्या मार्गांचे ९९ प्रकल्प मंजूर झाले, त्यांतला पूर्ण झाला एक. हे आधीच्या सरकारांविषयी होतं, म्हणून जीभ सैल झाली असणार, पण आकडा आकडाच. २०१७पासून वेगळा रेल्वे अर्थसंकल्पच बंद झाला. १९२४पासून चालत आलेली प्रथा. आता ते भाषण नाही, त्यामुळे असा आकडा चुकून निसटण्याची दरवर्षीची संधीही नाही.

शब्दांची खरी कमाल कोरोनात झाली. मार्च २०२०मध्ये सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या, हे समजण्यासारखं होतं. नंतर त्या परत आल्या त्या ‘विशेष’ म्हणून. तेच डबे, तीच वेळ, तोच मार्ग. फक्त क्रमांकाच्या सुरुवातीला एक शून्य. आमच्या धंद्यात सुरुवातीच्या शून्याला किंमत नसते. इथे होती. पॅसेंजर गाड्यांनाही एक्स्प्रेसचं भाडं लागलं आणि जिथे कमीत कमी तिकीट १० रुपये होतं तिथे ३० झालं. हिंगोलीहून बसमतच्या बाजाराला जाणाऱ्या बाईच्या दृष्टीने या प्रवासात ‘विशेष’ एवढंच होतं. नोव्हेंबर २०२१मध्ये शून्य काढण्याचा आदेश निघाला. शून्य गेलं, भाडं राहिलं. ते खाली आलं फेब्रुवारी २०२४मध्ये. तेव्हाची बातमी होती ‘प्रवाशांना मोठा दिलासा’. आधी चार वर्षं वीस रुपये जास्त घेऊन मग ते घेणं थांबवलं, याला दिलासा म्हणतात.

‘सुपरफास्ट’ हाही असाच शब्द. व्याख्येनुसार सरासरी ताशी ५५ किलोमीटर वेग असलेली गाडी सुपरफास्ट. त्याचा अधिभार वेगळा, साध्या द्वितीय श्रेणीला १५ रुपये, स्लीपरला ३०. महालेखापरीक्षकांनी वेळापत्रकं तपासली तेव्हा ४७८ सुपरफास्ट गाड्यांपैकी १२३ गाड्यांचा वेळापत्रकातलाच वेग ५५हून कमी निघाला. म्हणजे उशीर झाला म्हणून हळू नव्हे, वेळेवर धावली तरी हळू. वक्तशीरपणाचंही तसंच. गाडी शेवटच्या स्टेशनवर पंधरा मिनिटांच्या आत पोचली की हिशेबात ती वेळेवर. मधल्या स्टेशनांवर काय झालं ते त्या आकड्यात येत नाही, आणि शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकातच थोडी जास्तीची मिनिटं ठेवलेली असतात. ‘मधलं स्टेशन’ झालो म्हणून आजोबा खूश होते. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

एक चांगली बातमीही नोंदवायला हवी. २०२४मध्ये मुंबई-जालना जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढवली गेली. हिंगोलीकर वर्षानुवर्षं मुंबईची थेट गाडी मागत होते, ती मिळाली, आणि मी स्वतः स्टेशनवर जाऊन फोटो काढला. थोडं मागे गेलात तर दिसेल की डिसेंबर २०२३मध्ये जालन्याला मुंबईची वंदे भारत मिळाली होती. मोठ्या भावाला नवा शर्ट आला की जुना धाकट्याकडे येतो, तसं. आमची तक्रार नाही, शर्ट चांगल्या स्थितीत आहे. शिवाय आता आम्ही त्या गाडीचं शेवटचं स्टेशन आहोत. पंधरा मिनिटांचा हिशेब आमच्या फलाटावर होतो.

गेल्या आठवड्यात मामांनी ग्रुपवर नवं पत्रक टाकलं. दोन पानं, चार तक्ते, ‘लाईन ब्लॉक’, ‘मार्ग परिवर्तन’, ‘पुढील सूचनेपर्यंत’, शेवटी दिलगिरी. खाली सात जणांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. मग आजीचा व्हॉइस मेसेज आला. तिने पत्रक चष्मा लावून पूर्ण वाचलं होतं. ती विचारत होती, ‘मंगळवारी गाडी हाये का न्हाई, तेवढं सांगा.’

मामा अजून टाइप करत आहेत.