कलेला जात नसेल, पण चित्र पाहणाऱ्याला असते

"कलेला जात नसते." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले ते समाजशास्त्रात एम.ए. करत असताना. एका व्याख्यानानंतर मी प्रश्न विचारला होता, की चित्रकलेच्या इतिहासात आमची माणसे कुठे आहेत? वक्ते हसले आणि हे वाक्य म्हणाले. टाळ्या पडल्या. मी खाली बसले. त्याचे उत्तर मला पुढे बऱ्याच वर्षांनी मिळाले, आणि तेही ग्रंथालयात नाही, निडीत.

निडी म्हणजे पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरचे, नागोठणे आणि रोहा यांच्या मधले स्टेशन. इथे विहाराला लागून असलेल्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका करायचे ठरले. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, जोतीराव आणि सावित्रीबाई आहेतच. उरलेल्या भिंतीवर काय लावायचे, यावर चर्चा निघाली. मी म्हटले, चित्रकलेच्या इतिहासातली गाजलेली चित्रे लावू. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ताई, चित्रं बघून कोणाचं पोट भरलंय? ते बड्या लोकांचं काम." म्हणजे सभागृहातले वक्ते आणि विहारातले काका, दोघेही एकाच निष्कर्षावर आले होते. एक म्हणत होता, कला सगळ्यांची आहे, म्हणून प्रश्न विचारू नका. दुसरा म्हणत होता, कला आपली नाही, म्हणून तिकडे बघू नका.

मग मी चार चित्रांच्या रंगीत प्रिंट काढून आणल्या आणि एका रविवारी वंदना झाल्यावर भिंतीला चिकटवल्या. लोक काय बोलले ते सांगते. पण त्याआधी एक इतिहास.

बाबासाहेब लेणी पाहायला निघाले होते

१९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी सहलीला निघाले. या सहलीत वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे आधी ठरले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला ते थांबले. किल्ल्याबाहेरच्या टाक्यात काहींनी हातपाय-तोंड धुतले. लगेच टाके बाटवले म्हणून ओरड झाली, जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना आत सोडले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवला आहे.

आपण हा प्रसंग पाण्याच्या संदर्भात नेहमी सांगतो. महाडचा २० मार्च १९२७ आठवतो आणि पुढे जातो. पण ही माणसे निघाली होती कशासाठी? शिल्पे पाहण्यासाठी. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेला बॅरिस्टर स्वतःच्या पूर्वजांच्या धम्माची कला पाहायला निघतो आणि वाटेत त्याच्यावर पहारा बसतो. कलेला जात नसते म्हणणाऱ्याने आधी या शिपायाचे काम काय होते ते सांगावे. दगडाला जात नव्हती हे खरेच. पाहणाऱ्याला होती.

पहिले चित्र : अजिंठा, लेणे क्रमांक १७

पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले हे चित्र. बुद्ध भिक्षापात्र घेऊन स्वतःच्याच घराच्या दारात उभे आहेत. समोर यशोधरा आणि लहानगा राहुल. बुद्धांची आकृती भव्य, ही दोघे अगदी छोटी. मी समजावून सांगू लागले, की इथे आकार मोठेपणाचा आहे, उंचीचा नाही. तेवढ्यात एक बाई म्हणाल्या, "बाप घरी आलाय, पण घरातला राहिला नाही. तिच्या तोंडाकडे बघा." त्यांचे यजमान कामासाठी महिनोन् महिने बाहेर असतात.

मी हे चित्र पुस्तकांत अनेकदा पाहिले होते आणि दरवेळी बुद्धांकडेच पाहिले होते. त्या बाईंनी मला यशोधरा दाखवली. मग आठवले, की बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये यशोधरेला रडत मागे राहिलेली बाई म्हणून ठेवले नाही. तिथे सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद हे आहे, आणि यशोधरा धीराने त्याला संमती देते.

एका मुलाने वेगळेच विचारले, "काढलंय कोणी?" या चित्रासाठी आधी खडकावर मातीचा गिलावा चढवला गेला, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवले गेले, वर चुन्याचा पातळ थर, मग गेरू, पिवळी माती, काजळी असे रंग. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड अफगाणिस्तानातून येई. इतके सगळे सांगता येते, पण काढणाऱ्याचे नाव सांगता येत नाही. लेणे देणाऱ्या मांडलिक राजाचा लेख मात्र तिथे आहे.

मात्र नेहमीच असे नव्हते. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा ब्राह्मी लेख आहे. आणि रोह्याहून फार लांब नसलेल्या, मांदाडजवळच्या कुड्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, भिक्षुणी आहे. म्हणजे हाताने काम करणाऱ्याचे आणि छोट्या दात्याचेही नाव कोरण्याची रीत या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी होती. ती कुठे गेली, हा कलेच्या इतिहासाचा प्रश्न आहे की जातीच्या?

दुसरे चित्र : मिले, १८५७

फ्रेंच चित्रकार झाँ फ्रांस्वा मिले याचे हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. कापणी झालेल्या शेतात तीन बाया वाकून खाली पडलेली कणसे वेचत आहेत. मी नाव सांगायच्या आधीच मागून आवाज आला, "ह्या सरवा वेचतायत." आमच्या भातशेतीच्या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या बाईला या चित्राचे नाव शिकवावे लागले नाही. कला समजायला संस्कार लागतात म्हणतात. इथे सरवा वेचण्याचा अनुभव कामी आला.

मग मी त्यांना मागची बाजू पाहायला सांगितली. लांबवर पिकाच्या गंजी, भरलेली गाडी आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला देखरेख करणारा माणूस. पीक त्याच्या बाजूला, सरवा यांच्या बाजूला. "खोताचा माणूस," काकाच म्हणाले. ज्यांना चित्रे बघून पोट भरत नाही असे वाटत होते, तेच हे काका.

काका चुकले नव्हते. हे चित्र १८५७ च्या प्रदर्शनात लागले तेव्हा पॅरिसमधले सुखवस्तू टीकाकार बिथरले होते, कारण १८४८ ची क्रांती ताजी होती आणि गरीब बायांना इतक्या गंभीरपणे रंगवणे त्यांना धोक्याचे वाटले. तेव्हाच्या आमच्या कुलाबा जिल्ह्यात खोतीविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला. बाबासाहेब त्यांच्या मागे उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्या संपातल्या वाकलेल्या बायांना कोणी मिले भेटला नाही. चित्रात येण्यासारखे इथे काही नव्हते, असे कोण म्हणेल?

तिसरे चित्र : राजा रविवर्मांची लक्ष्मी

हे चित्र सगळ्यांनी ओळखले. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या देवदेवता घरोघरी पोचल्या. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्या घरात रविवर्मांनी देव नेला, असे कौतुकाने लिहिले जाते. वस्त्र आणि दागिने रंगवण्यातले त्यांचे कौशल्य मी नाकारत नाही. पण हिशोब करू. छापखाना निघाला १८९४ ला, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला. छत्तीस वर्षे देव कागदावर घरोघर फिरत होता आणि देवळाचे दार तेवढेच बंद होते. देवाचा कागद कोणालाही विकत होते, कारण कागद बाटत नाही.

आमच्या आजीच्या घरातही अशी एक लक्ष्मी होती. धम्मदीक्षेनंतर आजीने तसबीर उतरवली, मागचे खिळे काढले, लक्ष्मी बाहेर काढली आणि त्याच चौकटीत बाबासाहेबांचा फोटो बसवला. नवी चौकट घ्यायला पैसे नव्हते. १९५६ नंतर महाराष्ट्रात कितीतरी घरांच्या भिंती अशा बदलल्या. छापील चित्राच्या भारतीय इतिहासातली ही फार मोठी घटना आहे. तिच्यावर कलेच्या पुस्तकात प्रकरण असायला हवे.

चौथे चित्र : सवी सावरकर

सवी सावरकर नागपूरचे, आपल्या काळातले चित्रकार. पेशवाईतला अस्पृश्य, गळ्यातले मडके, झाडू, देवदासी हे त्यांच्या चित्रांचे विषय. रेषा खरबरीत, चेहरे वेडेवाकडे. ते लावल्यावर खोलीत कोणी बोलेना. मग काका म्हणाले, "हे नको. पोरांनी हे बघत अभ्यास करायचा का? आम्ही हे विसरायला एवढं केलं." त्यांचे म्हणणे मला हसण्यावारी नेता येत नाही. अपमान रोज डोळ्यांसमोर ठेवला तर त्याचीही सवय होते.

पण नववीतली एक मुलगी म्हणाली, "मडकं त्यांनी अडकवलं होतं. चित्र आपल्या माणसानं काढलंय." मिलेने सरवा वेचणाऱ्या बाया बाहेरून पाहिल्या, कळवळ्याने पाहिल्या. रविवर्मांना आम्ही दिसलोच नाही. इथे मात्र ज्याच्या आजे-पणजोबांच्या गळ्यात मडके होते त्याच्या हातात कुंचला आहे. ते चित्र लावायचे की नाही, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. तो वाद मला आवडतो, कारण कला आपली नाही असे म्हणून कोणीच उठून गेलेले नाही.

मग सगळे जातीनेच पाहायचे का?

असा आक्षेप येणार. माझे उत्तर असे, की निडीतल्या कोणीही 'ही फ्रेंच बाई, ही परकी' असे म्हटले नाही. उलट आपल्या जगण्यातून पाहिल्यामुळेच ती त्यांना जवळची वाटली. जात विसरा म्हणजे कला दिसेल, हे म्हणणे सोयीचे आहे. आपण कोण आहोत हे न विसरता पाहिले तर घोडेस्वारही दिसतो, यशोधराही दिसते आणि न लिहिलेले चित्रकाराचे नावही खटकते.

आणि पाहायला तरी मिळते का? मुंबईच्या कलादालनात जायचे तर निडीच्या माणसाची एक दिवसाची मजुरी बुडते. तिथे आता शिपाई अडवत नाही, पण आपण इथे यायचे नसते ही भीती माणूस स्वतःच बरोबर घेऊन जातो. म्हणून माझे म्हणणे आहे, की प्रत्येक विहाराने वर्षातून एकदा तरी मुलांना लेणी दाखवावीत. कोंडाणे आणि कुडा तर घरचीच आहेत. बलकाचे नाव मुलांनी स्वतः पाहावे.

त्या नववीतल्या मुलीने एलिमेंटरीची चित्रकला परीक्षा दिली आहे, इंटरमिजिएट द्यायची आहे. घरचे म्हणतात, त्यापेक्षा गणिताचा क्लास लाव. मी दोन्ही बाजूंनी बोलते आहे, कारण गणितही लागते आणि घरात पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. त्या रविवारी निघताना तिने मला थांबवले आणि वही पुढे केली. "त्या शेवटच्या चित्रवाल्यांचं नाव परत सांगा. लिहून घेते."

जय भीम!