छाती न कापता

१९५०च्या दशकात बंद पडलेले हृदय चालवायचे, तर डॉक्टर छाती कापून ते हाताने दाबत. १९५८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये निकरबॉकर हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी कुत्र्यांच्या हृदयाला विजेचा धक्का देण्याचे प्रयोग करत होता. जड पट्ट्या छातीवर दाबताच, वीज सोडण्यापूर्वीच, रक्तदाब किंचित चढलेला त्याला दिसला. १९६० मध्ये कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी २० रुग्णांची हकिकत छापली. १४ वाचले होते. (जर्मनीत मास यांनी १८९२ मध्येच असे लिहिले होते, कुणी फारसे लक्ष दिले नाही!)

आपण आज शिकतो तो सीपीआर हाच. माणूस बेशुद्ध, श्वास नीट नाही, तर मदत बोलवायची आणि ती येईपर्यंत छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल दाबत राहायचे.